तुमच्या बाजूची शेवंती आधी फुलली

मामा, तुमच्या बाजूची शेवंती आधी फुलली. हे पहिल्यांदा सांगून टाकते, नाहीतर पुढचं काहीच तुम्ही धड ऐकून घेणार नाही.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी कडेच्या तिसऱ्या झाडावर एक फूल पूर्ण उघडलेलं होतं. पिवळंधमक. माझ्या बाजूला तेव्हा नुसत्या हिरव्या कळ्या, मिरीच्या दाण्याएवढ्या. आत्या अंगण झाडायला बाहेर आल्या, दोन्हीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "घे. जिंकले की ते." मी म्हटलं, आत्ताच निकाल लावू नका. पंधरा दिवसांनी माझी बाजू उघडली आणि मग मात्र पान दिसेना. तुमची फुलं मोठी आणि आधी आलेली, पण झाडं कमरेएवढी वाढून निम्मी आडवी पडली. मला त्यांना काठ्या देऊन बांधावं लागलं. माझी गुडघ्याएवढी, गोल, कुणाच्या आधाराशिवाय उभी, पण फूल तुमच्यापेक्षा बारीक. आता यात कोण जिंकलं ते मला ठरवता येत नाही. भांडायला समोर माणूस लागतं.

तुमचं म्हणणं होतं, शेंडे खुडायचे ते नागपंचमीपर्यंत, नंतर झाडाला बोट लावायचं नाही. माझं म्हणणं, पोळ्यापर्यंत खुडत राहायचं. शेंडा खुडला की झाड उंच जायचं सोडून बाजूनं फुटतं, आणि जितके फुटवे तितकी फुलं. तीन वर्षं आपण सासरा-सून यावर भांडलो. जेवताना भांडलो, गॅस सिलिंडरवाला दारात उभा असताना भांडलो. शेवटी यंदा तुम्हीच वाफ्याच्या मधोमध सुतळी बांधलीत आणि म्हणालात, ही माझी बाजू, ती तुझी, आता यावर बोलायचं नाही, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर बघायला मी आणि आत्याच उरलो.

सुतळी अजून आहे. मी सोडलेली नाही.

मी लग्न होऊन नागापूरला आले तेव्हा तुमच्या दारात शेवंतीचं एकच झाड होतं, फाटकाला लागून. मी अकोले तालुक्यातल्या डोंगरातली, भाताच्या खाचरांत वाढलेली. इथं सगळा मुरूम. कॉलनीच्या मागं कारखान्यांचे पत्रे, पुढं कंपनीच्या गाड्यांचा रस्ता. तुमचा संतोष चाकणला कामाला, रविवारी यायचा. पहिल्या महिन्यात मला इथलं काहीही आवडलं नव्हतं आणि ते माझ्या तोंडावर दिसत असणार, कारण एका सकाळी तुम्ही न विचारता एक ट्रॉली काळी माती आणून फाटकाच्या आत ओतायला लावलीत. म्हणालात, ही तुझी, काय लावायचं ते लाव. सून घरी आली की सासरे साडी आणतात, दागिना करतात. मला माती मिळाली. त्या दिवशी मी मागच्या पायरीवर बसून थोडी रडले, पण ते रडणं चांगलं होतं.

मी माहेराहून आणलेलं तेरड्याचं बी टाकलं. पावसाळ्यात वाफा गुलाबी झाला आणि दसऱ्याला सगळं संपलं. मोकळ्या वाफ्याकडं बघत मी उभी होते तेव्हा तुम्ही फाटकाजवळच्या झाडाकडं हात केलात. ते मला नीट आठवतंय. "पावसाची फुलं पावसाबरूबर जात्यात," तुम्ही म्हणालात. "थंडीतलं काईतरी पायजे. सगळ्यांचं आवरल्यावर फुलणारं. ही बघ, हिला काय करावं लागत न्हाई. उन्हाळ्यात वाळून जाती, बुडाशी जीव धरून ऱ्हाती, अन् थंडी पडली की हाय."

तेव्हा मला वाटलं, तुम्हाला झाडांची आवड आहे, बाकी काही नाही.

तुमची आवडही साधी नव्हती म्हणा. तीस वर्षं वर्कशॉपमध्ये तयार माल तपासायचं काम केलेलं माणूस. निवृत्त होताना व्हर्नियर कॅलिपर घेऊन आलात, आणि घरात मोजायला दुसरं काही नव्हतं म्हणून फुलं मोजायला लागलात. थंडीत रोज सकाळी चष्मा लावून, त्या दोन लोखंडी जबड्यांत फूल अलगद धरून तुम्ही मिलिमीटरमध्ये आकडा सांगायचे. मोठ्यानं, जणू शेजारी कुणी लिहून घेतंय. मी कामावर जायला निघालेली असायचे, पॅकिंग खात्यात माझी पहिली पाळी, आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत तुमचा "चौपन्न पॉइंट दोन" कानावर यायचा. पहिल्या पाळीच्या बसमधल्या बायका मला विचारायच्या, आज किती भरलं गं तुझ्या सासऱ्याचं फूल?

आणि तोडू मात्र कुणालाच द्यायचे नाहीत. मार्गशीर्षातल्या गुरुवारी दारात पिवळ्याजर्द शेवंतीचं झाड उभं असताना आत्या मात्र चौकात जाऊन पूजेला फुलं विकत आणायच्या. यावर त्या किती बोलल्या असतील. तुम्ही शांतपणे सांगायचे की देव्हारा खिडकीसमोर आहे, देवाला तिथून दिसतं. आत्यांनी एकदा मला विचारलं होतं, तुझा सासरा देवाला चष्मा लावतो का गं? तुम्ही आतल्या खोलीत होतात. तुमचं हसू मला ऐकू आलं होतं.

पण मामा, तुमचं झाड दरवर्षी उतरत चाललं होतं. हे तुमच्याच आकड्यांत दिसत होतं. चौपन्नचे अठ्ठेचाळीस झाले, मग एक्केचाळीस. झुडपाचा मधला भाग लाकडासारखा झाला होता, जुन्या खराट्यासारखा. कोवळे फुटवे, तुमच्या भाषेत काश्या, तेवढ्या कडेकडेनं यायच्या आणि तिथंच एकमेकींत गुदमरायच्या. मी म्हणायचे, हे उपटून मोकळं करू, काश्या वेगळ्या करून काळ्या मातीत लावू. तुम्ही म्हणायचे, हाय तशी ऱ्हाऊ दे. मी कारण विचारायचे. तुम्ही कारण सांगायचे नाही, नुसतं पाणी घालायचे.

मग ते ज्येष्ठातलं भावकीतलं लग्न. तुम्ही आणि आत्या चार दिवस पाथर्डीकडं तुमच्या गावाला गेलात. आभाळ भरून येत होतं, पाऊस आठवड्यावर आला होता, काश्या लावायला याहून चांगली वेळ नव्हती. मला सुट्टी होती. मी कुदळ घेतली.

झाड उपटायला मला अर्धा दिवस लागला, इतकं ते रुतलेलं होतं. कडेच्या सात धडधाकट काश्या मुळासकट काढल्या, शेणखत घालून वाफ्यात लावल्या, वर गोणपाटाची सावली केली. मधलं ते वाळकं खोड राहिलं. ते मी घंटागाडीत टाकलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. तुम्ही आल्यावर काय म्हणाल याची वाट बघत होते.

तुम्ही आलात, फाटकाजवळ थांबलात, पिशवी खाली ठेवली. मधलं खोड कुठं आहे, एवढंच विचारलंत. मी सांगितलं. तुम्ही आत गेलात आणि त्यानंतर अकरा दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

ते अकरा दिवस आता आठवले की हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. एका घरात तीन माणसं, त्यात दोघांचा अबोला. तुम्ही आत्यांना सांगायचे, तिला सांग चहात साखर कमी आहे. मी तिथंच चहा घेऊन उभी असायचे. आत्या माझ्याकडं वळून तेच वाक्य म्हणायच्या, मग मी आत्यांना सांगायचे की डॉक्टरांनीच कमी सांगितलीय, आणि त्या तुमच्याकडं वळून ते सांगायच्या. पाचव्या दिवशी त्या कंटाळल्या. म्हणाल्या, तुमचं तुम्ही बघा, मला काय रोजगार आहे का याचा. नंतर घरात कुणीच कुणाशी बोलेना.

बाराव्या दिवशी सकाळी मी वाफ्यावरचं गोणपाट काढत होते. रात्रीच्या पावसानं सातही काश्यांनी नवी पानं काढली होती. तुम्ही येऊन कडेच्या विटेवर बसलात आणि माझ्याकडं न बघता बोलायला लागलात.

तुमच्या लहानपणी दसरा झाला की घराला कुलूप. आई, बाप, तुम्ही आणि नाना दोघं भाऊ, सगळे ऊस तोडायला. चैत्रात परत. तुमच्या आईनं कुणा मळेवाल्याच्या शेतात खुरपायला गेल्यावर ही काशी मागून आणली होती आणि दारात लावली होती. शेजारची म्हातारी तिला पाणी घालायची. दरवर्षी तुमची आई झाड हिरवं ठेवून जायची आणि आल्यावर तिला वाळलेली बोंडं दिसायची.

"तिची फुलं तिनं गावाकडं कधी बघितलीच न्हाईत," तुम्ही म्हणालात. "हिकडं नोकरी लागली, घर झालं, तवा मी ते झाड मातीच्या गठ्ठ्यासकट आणलं. पोत्यात बांधून. मग म्हातारपणी आईला आणलं. थंडीत फुलं उघडली तर आई बघतच बसली. म्हणली, पिवळी हाय व्हय? मी इतकी वर्सं पांढरी समजत हुते."

मी गोणपाटाची घडी घालत राहिले.

"मधलं खोड तिच्या हातचं हुतं," तुम्ही म्हणालात.

मामा, तिथं मी माफी मागायला हवी होती. शब्द अगदी ओठावर होता. पण अकरा दिवसांचा राग माझ्याही पोटात होता आणि मी म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नव्हतं."

तुम्ही एका काशीच्या बुडाची माती बोटांनी दाबलीत. मग म्हणालात, "व्हय. न्हाई सांगितलं." उठलात आणि पाण्याची नळी आणायला गेलात. आपलं दोघांचं बोलणं तिथून पुन्हा सुरू झालं, पण हा विषय तिथंच राहिला. त्या थंडीत सातही झाडं फुलली. तुम्ही व्हर्नियर लावलात आणि मी ऐकावं म्हणून नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणालात, "एकोणसाठ." बास.

आज विचारलंत तर मी खरं सांगेन. झाड मी पुन्हाही उपटलं असतं, नाहीतर ते दोन वर्षांत गेलंच असतं. पण तुम्हाला विचारून उपटलं असतं, आणि ते मधलं खोड तुमच्या हातात दिलं असतं. माफी मागायची ती त्याची. चार वर्षं मी ती टाळली, कारण तुम्ही रोज सकाळी समोर होतात आणि उद्या म्हणता येत होतं.

त्या थंडीतच तुमच्यात एक बदल झाला, तो तुमच्या लक्षात आला होता का कोण जाणे. कॉलनीतून सकाळी फिरायला जाणारी माणसं वाटेतली फुलं तोडून पिशव्या भरतात. आपल्या वाफ्यातली फुलं कमी व्हायला लागली. तुम्ही रोज मोजणारे, तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं. मग तुम्ही तीन दिवस पहाटे शाल पांघरून फाटकाच्या खांबाआड स्टूल टाकून बसलात. आत्या म्हणाल्या, चोर सापडायच्या आधी तुम्हाला सर्दी सापडेल. चौथ्या दिवशी माकडटोपी घातलेले एक गृहस्थ सापडले, तुमच्याच वयाचे, हातात दुधाची पिशवी आणि दुधाच्या पिशवीत आपली शेवंती.

मी आवाजानं बाहेर आले तेव्हा ते तुम्हाला सांगत होते की फुलं देवासाठी आहेत. तुम्ही विचारलंत, तुमच्या घरात खिडकी नाही का? त्यांना काही कळलं नाही. मला वाटलं आता तुम्ही त्यांना सोडणार नाही. पण तुम्ही त्यांना आत बोलावलंत, चहा करायला सांगितलात, आणि खुरप्यानं एक काशी मुळासकट काढून कागदात गुंडाळून त्यांच्या हातात ठेवलीत. वर अर्धा तास शिकवलंत: फुलं संपली की चार बोटं ठेवून छाटायची, उन्हाळ्यात सावली, पावसाच्या आधी वेगळी करून लावायची. ते गेल्यावर मला म्हणालात, आता त्यांच्या दारातली कुणीतरी चोरेल, मग कळेल. पण पुढच्या वर्षी तुम्ही स्वतः त्यांच्याकडं व्हर्नियर घेऊन गेलात. आणि त्यानंतर जो मागेल त्याला तुम्ही काशी दिलीत. आपल्या गल्लीत आज क्वचितच एखादं दार असेल जिथं तुमच्या आईची शेवंती नाही. ते गृहस्थ तेराव्याला आले होते. वाफ्याजवळ बराच वेळ उभे राहिले. जाताना मला म्हणाले की त्यांनीही शेंडे नागपंचमीलाच थांबवले होते, तुमच्या सांगण्यावरून. म्हणजे गल्लीत तुम्ही गट तयार करून ठेवला होतात, मला पत्ता न लागू देता.

नवरात्रातल्या तिसऱ्या माळेच्या सकाळी तुम्ही तुमच्या बाजूच्या झाडांना काठ्या रोवत होतात. झाडं उंच गेलीत हे तुम्हाला दिसत होतं, म्हणून मी बाहेर येण्याआधी आवरायची घाई चालली होती. मला बघितल्यावर तुम्ही म्हणालात की वाऱ्यासाठी लावतोय. वारा अजिबात नव्हता. मी हसले आणि चहा ठेवायला आत गेले. चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही खुर्चीत होतात. पुढचं मी लिहीत नाही, ते तुम्हाला सांगून काय उपयोग. फक्त इतकं, की राहिलेल्या काठ्या दुसऱ्या आठवड्यात मी रोवल्या आणि तुमची गाठ जशी असते तशीच, आठच्या आकड्याची, सैल मारली. तुमच्या बाजूला मी कुठंही मुद्दाम हयगय केली नाही. हरवायचं असलं तरी नीट खेळून हरवायचं होतं.

नाना आणि नानी तेराव्यापर्यंत थांबले. तुमच्या भावानं संतोषच्या बाजूला उभं राहून सगळं केलं. मग दिवाळी झाली आणि त्यांची ऊसतोडीची टोळी राहात्याकडं गेली, बैलगाडी घेऊन, दरवर्षीसारखी. फुलं पूर्ण भरात आली त्या आठवड्यात नानीचा आत्यांना फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, भावजींची शेवंती फुलली का? आत्या हो म्हणाल्या. फोन ठेवला. मग मला म्हणाल्या की नानी इतक्या वर्षांत दर उन्हाळ्यात आपल्याकडं येते, पण तिनंही ही फुललेली कधी बघितली नाही. आणि मग म्हणाल्या, चल, दाखवून येऊ.

झाड कुणाच्या बाजूचं न्यायचं यावर आम्ही दोघी भांडलो, तुम्ही नसताना. आत्यांना तुमच्या बाजूचं न्यायचं होतं. मी म्हटलं, ते एसटीत मावणार नाही. शेवटी माझ्या बाजूचं एक झाड मातीच्या गठ्ठ्यासकट काढून रंगाच्या रिकाम्या डब्यात बसवलं. निकालाच्या वेळी याचा एक गुण मला धरा.

रविवारी संतोषला पाळी होती, आम्ही दोघीच निघालो. आत्यांनी डबा पूर्ण वाट मांडीवर धरला, खाली ठेवू दिला नाही. राहुरीला कंडक्टर आला, दोघींना बायकांचं अर्धं तिकीट दिलं आणि झाडाकडं बघून म्हणाला की शेवंती म्हणजे हीसुद्धा बाईच, हिलाही अर्धंच लागेल. मागच्या बाकावरची माणसं हसली. आत्या हसल्या नाहीत, पण त्यांनी झाडाचा एक फुटवा त्याच्या बाजूनं वळवून त्याला नीट दाखवला.

राहात्याला नाना मोटारसायकल घेऊन आले होते. एकेकीला करून नेलं. रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या रानात कोप्या होत्या, बांबू आणि प्लॅस्टिकच्या कागदाच्या, ओळीनं. नानी नुकतीच उसाच्या फडातून आली होती, डोक्याचा रुमालही सोडला नव्हता. डबा बघितल्यावर ती आधी हात धुऊन आली. मग समोर उकिडवी बसली. आसपासच्या कोप्यांतल्या दोघीचौघी आल्या. एका फुलाला खालून बोट लावून तिनं ते जरा वर उचललं आणि सोडलं. म्हणाली, एवढी दाट असती व्हय.

मग चहा झाला. आत्या आणि नानी तुमच्याबद्दल बोलत बसल्या, मी नानांना सुतळीची गोष्ट सांगत होते, आणि तेवढ्यात नानांचा पाठीमागं बांधलेला बैल मान लांब करून डब्यापर्यंत पोचला. आम्हाला कळलं तेव्हा झाडाचा अर्ध्याहून जास्त भाग त्याच्या तोंडात होता. नाना धावले, दावं ओढलं, पण तो चावत राहिला, पिवळ्या पाकळ्या ओठांना चिकटलेल्या.

सगळे आत्यांकडं बघायला लागले. दोन महिने त्या माणसांत धड बोलल्या नव्हत्या. नाना तर हात जोडायच्या बेतात होते.

आत्या बैलाकडं बघत होत्या. मग त्यांच्या पोटातून हसू सुरू झालं आणि थांबेना. पदर तोंडाला लावला तरी खांदे हलत राहिले. "त्यांनी मला जल्मात एक फूल तोडू दिलं न्हाई," त्या कशाबशा म्हणाल्या, "अन् ह्यो बघ." मग नानी हसली, मी हसले, त्या अनोळखी बायकाही हसल्या, आणि शेवटी नाना.

नानीनं डबा ओढून झाड तपासलं. "असू द्या अक्का," ती म्हणाली. "बुडातून फुटंल. चैत्रात जाताना गाडीत घेऊन जाऊ."

एका बाजूला चार फुलं शाबूत राहिली होती. नानीनं त्यातलं एक देठासकट खुडलं, आत्यांच्या मागं गेली आणि न विचारता त्यांच्या अंबाड्यात खोचलं. आत्यांचा हात एकदम वर गेला. म्हणाल्या, "अगं, आता मला कशाला."

"भावजींच्या दारचं हाय," नानी म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं न्हाई."

आत्यांचा हात थोडा वेळ तसाच वर राहिला आणि मग खाली आला. बघणाऱ्या बायकांतल्या एकीनं कप गोळा करायला घेतले.

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या आणि मी त्यांच्या मागच्या बाकावर. फूल मला पूर्ण वाट दिसत होतं. मोठं होतं, मामा. तुमच्यासारखं मोजता आलं नाही, पण पन्नासच्या वर नक्की. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मला वाटलं, आता त्या ते काढून तुमच्या फोटोपुढं ठेवतील. त्यांनी हातपाय धुतले, देवापुढं दिवा लावला, तुमच्यापुढं उदबत्ती लावली. फूल तिथंही ठेवलं नाही आणि इथंही ठेवलं नाही. ते अंबाड्यात तसंच ठेवून त्या परात घेऊन भाकरीचं पीठ मळायला बसल्या, आणि मला म्हणाल्या, उद्या तुझा डबा दोन भाकरींचा देऊ का तीन.